प्राणी-पानांची सोन्याची नाणी: वजन, लाल ठिपका आणि काही शंका

नवा_संग्राहक: निसर्गचित्रं असलेल्या आधुनिक सोन्याच्या नाण्यांचा संग्रह सुरू करतोय. २०१७ चा चिनी पांडा ३० ग्रॅमच भरतो. औंस तर ३१.१ चा ना? मग खोटा समजायचा का? आणि कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यावर लालसर ठिपका आलाय. शुद्ध सोन्यावर गंज कसा? घासून काढू का?

काटा_छापा: पांडा वजनावरून खोटा ठरत नाही. २०१५ पर्यंत तो ट्रॉय औंसात होता, २०१६ पासून ३०, १५, ८, ३ आणि १ ग्रॅममध्ये निघतो. उलट २०१७ चा ३१.१ भरला असता तर शंका घ्यायची. दरवर्षी चित्र बदलतं, अपवाद २००२ चा. त्यावर २००१ चंच चित्र आहे.

पाण्यात तपासा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. येणारा आकडा म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये आकारमान. नाण्याच्या वजनाला त्याने भागा, की घनता मिळते. पांडा, मेपल १९.३ च्या आसपास हवेत, दक्षिण आफ्रिकेचा क्रूगररँड १७.५ च्या, कारण तो २२ कॅरेटचा: एकूण ३३.९३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं एक औंस. बुडबुडा चिकटला की घनता कमी दिसते.

पाणीदार: दशांश औंसाच्या नाण्यावर ही चाचणी करून उपयोग नाही. आकारमान ०.१६ च्या आसपास, म्हणजे काटा ०.०१ ने चुकला तरी उत्तर सहा टक्के हलतं. तिथे कॅलिपरने व्यास-जाडी मोजा. आणि टंगस्टनची घनता १९.२५, त्यामुळे आत टंगस्टन असेल तर पाणी गप्पच राहतं. क्ष-किरण यंत्रही फक्त पृष्ठभाग बघतं. मोठी खरेदी असेल तर विद्युतवाहकता किंवा अल्ट्रासाउंड चाचणी मागा.

जुनी_टांकसाळ: ठिपका अजिबात घासू नका. तो सोन्याचा गंज नव्हे. नाणं पाडताना तांब्या-चांदीचा कण पृष्ठभागावर दाबला गेला, की तो पुढे काळवंडतो किंवा लालसर होतो. ९९९.९ शुद्धतेचं (हजारात ९९९.९ भाग) सोनं इतकं मऊ, की सुती कापडही मोकळ्या भागावर रेघा पाडतं, आणि प्रूफ नाण्याच्या (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) आरशासारख्या पृष्ठभागावर त्या ठळक दिसतात. ठिपका खपवून घेतात, रेघा नाही.

हिरवट चिकटपणा मात्र वेगळा. तो पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटातून येतो. नाणं काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, चोळू नका, नव्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवून वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेलं-सुगंध असतात. ॲसिटोन लागलं की कॅप्सूल (नाण्याची प्लास्टिकची डबी) विरघळते, ती आधी काढा. रंगीत नाण्याला तर ॲसिटोन दाखवूही नका, चित्रच जाईल.

काटा_छापा: विषय जपायचा असेल तर १९७० च्या दशकातली वन्यजीव संवर्धन नाणेमालिका बघा: ३३.४३७ ग्रॅम, ९०० शुद्धता, त्यामुळे मेपलपेक्षा कणखर. घनतेचा आकडाही १९.३ पेक्षा खाली येईल, घाबरू नका.