मदत हवी आहे: पेडल-असिस्ट सायकल जंगलातल्या वाटेवर न्यावी का? आणि परवानगी मागायची कोणाकडे?

मुलुंडचा_म्हातारा

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ६१. आमची चौघांची टोळी आहे. दर रविवारी पहाटे पाचला मुलुंडहून निघायचं, भांडुप-पवई करत आरेत शिरायचं, गोरेगावला चहा मारून उन्हं तापायच्या आत घरी. पावसाळ्यात येऊर. कधी हुक्की आलीच तर पनवेलपुढे कर्नाळ्यापर्यंत. वीस-बावीस वर्षं हा नेम चालला. मग दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, सायकल खुशाल चालवा, पण चढावर झटापट नको. आता चढ वगळून येऊरला कसं जायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीत मुलाने बॅटरीची सायकल घेऊन दिली. पाटीवर २५० वॅट लिहिलंय, मोटर मागच्या चाकात, वजन २३ किलो. पेडल मारलं की मोटर हात देते, पाय थांबले की तीही थांबते. हँडलला थ्रॉटलही आहे, म्हणजे पाय न हलवता मोटर चालवायची सोय, तो मी फक्त सिग्नलला वापरतो. सौ. म्हणाली, "एवढं कौतुक कशाला, लुनाच तर घेतलीत!" पण खरं सांगतो, दोन वर्षांनी पहिल्यांदा टोळीच्या बरोबरीने चढ चढलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. घामाचं म्हणून पुसलं.

आता अडचण. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईबाहेर दीडेक तासावर एका वनखात्याच्या फाटकाशी गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, चौकीवरचा मुलगा त्याचं काम करत होता. बाकी तिघांच्या सायकलींचं तिकीट फाडलं आणि माझी बॅटरी बघून म्हणाला, "काका, मोटर आहे. गाडी बाहेर." मी म्हटलं सायकल आहे, तो म्हणे मोटर आहे. असं पाच मिनिटं झालं. तिघे आत गेले, मी समोरच्या टपरीवर दोन कटिंग आणि एक वडापाव घेऊन बसलो. (वडा डॉक्टरांना कळवू नये.)

चिडलो होतो. पण परत येताना एक गोष्ट आठवली आणि जीभ चावली. काही वर्षांपूर्वी अशाच एका वाटेवर पोरं मोटरसायकली घेऊन घुसायची, तेव्हा वनखात्याला पत्र लिहिणारा मीच होतो. "पायवाटेवर इंजिन नको" हे माझंच वाक्य. आता मीच इंजिन घेऊन उभा!

तर जाणकारांनी सांगावं. कायद्याने माझी ही वस्तू सायकल आहे की गाडी? सरकारी जंगलात ती न्यायची परवानगी कोण देतं? आणि तिसरं, जे खरं मला खातंय: परवानगी मिळाली तरी न्यावी का?

तिरकस_तात्या

लुनालाही पेडल होतं. नंबरप्लेटही होती. वहिनींचं बरोबर आहे, धागा बंद करा.

वकिली_चष्मा

तात्या, लुनाला पेट्रोल लागायचं. जरा थांबा.

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम २ (यू). मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देऊ शकेल ती) ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ किमीच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंपर्यंत असेल, तर ती मोटार वाहन धरत नाहीत. पेडल-असिस्टसाठी आणखी एक अट: २५ चा वेग आला किंवा तुम्ही पाय थांबवले की मोटरची मदत बंद झाली पाहिजे. हे सगळं अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेलं असावं लागतं, जशी पुण्याची एआरएआय. तेव्हा पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका, दुकानदाराकडून चाचणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन ठेवा.

पण ते प्रमाणपत्र फाटकावर नाचवूही नका. इथेच बहुतेकांची गल्लत होते. या नियमाने सुटका मिळते ती रस्त्यावरच्या लायसन्स-नंबरप्लेटच्या भानगडीतून. जंगलाचा कायदा निराळा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २७ बघा: अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेशच नाही. सुटका कोणाला? कामावरचे सरकारी नोकर, आत ज्यांची जमीनजुमल्याची मालकी आहे ते, सार्वजनिक महामार्गाने नुसते पलीकडे जाणारे, असे थोडेच. कलम ३५ ने हेच राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं. म्हणजे फाटकावरचा प्रश्न "ही सायकल की गाडी" हा नाहीच. प्रश्न असा की तुम्हाला आत कशावरून, कुठपर्यंत आणि कोणत्या अटीवर सोडलंय.

तुमच्याच कर्नाळ्याचं घ्या. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. त्या डांबरावर तुम्ही बॅटरीवर जा नाहीतर बैलगाडीतून, वनखातं विचारणार नाही. तिथून किल्ल्याच्या वाटेला वळलात की परवाना आला. हाच हिशोब साध्या सायकलीलाही आहे, बरं का. तुमच्या तिघा मित्रांना त्या दिवशी आत जायचा हक्क होता असं नाही, त्यांना सोडलं एवढंच.

विचारायचं कोणाला: जिथे जायचंय तिथल्या वनक्षेत्रपालांना, आणि वर उपवनसंरक्षकांना. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला स्वतःचे संचालक आहेत, आणि येऊरचा जंगलभाग त्याच उद्यानात येतो. तोंडी विचारलंत तर तोंडी "नाही" मिळेल. त्यापेक्षा माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा, "विद्युत सायकलींच्या प्रवेशाबाबत आपल्या कार्यालयाचा काही आदेश वा परिपत्रक असल्यास प्रत द्यावी." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशच नसेल तर तेही लेखी कळेल, आणि मग विनंतीअर्जाला काही बूड राहील.

राजापूरचा_रॉकीत

मी सध्या कोलोरॅडोत आहे, इथे हे भांडण काही वर्षं रंगलंय, म्हणून लिहितो.

इथे तीन वर्ग पाडलेत. पहिला, फक्त पेडल-असिस्ट, ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे ३२ किमी. दुसरा, थ्रॉटलवाला, वेग तोच. तिसरा, असिस्टच पण २८ मैलांपर्यंत, म्हणजे ४५. मोटर ७५० वॅटच्या आत. आपल्या २५० च्या तिप्पट, म्हणजे इथली "सायकल" मुलुंडला आणलीत तर ती गाडीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये अंतर्गत खात्याच्या (इथली राष्ट्रीय उद्यानं याच खात्याकडे) मंत्र्यांनी आदेश काढला की जिथे साध्या सायकली चालतात तिथे या चालू द्या. २०२० मध्ये नियम झाले तेव्हा शेवटचा निर्णय स्थानिक व्यवस्थापकांवर सोपवला. मग लोक कोर्टात गेले, आणि २०२२ मध्ये कोर्टाने राष्ट्रीय उद्यानांच्या बाबतीत सुनावलं की पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास नीट केलेला नाही. राष्ट्रीय वनं मात्र शेतकी खात्याकडे आहेत. ते खातं बॅटरीच्या सायकलीला मोटार वाहनच धरतं. त्यामुळे एकाच डोंगराच्या अलीकडे चालते आणि पलीकडे नाही असंही होतं. आणि १९६४ च्या कायद्याने जी रानं "विल्डरनेस" म्हणून राखलीत, तिथे साधी सायकलसुद्धा बंद. चाक म्हणून बंद! तात्यांना तिथे आवडेल.

तिरकस_तात्या

तिकीट पाठवा.

धनेश_शोधक

काका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण मी त्या वाटांवर पायी असते. पक्षी बघायला महिन्यातून तीनदा तरी.

बुलेट आली तर दोन वळणं आधी कळतं. शिव्या घालत बाजूला व्हायला वेळ मिळतो. बॅटरीची सायकल उतारावर तर साधीसारखीच येते, पण ही चढावरूनही त्याच वेगाने वर येते, आणि चढावरून कोणी एवढ्या वेगात येईल अशी आपल्या कानाडोळ्यांना सवय नाही. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. कारवीतल्या वळणावर पुढचं दहा मीटर दिसतं. दीड सेकंद मिळाला.

माझं सोडा, मी हौशी. या वाटा मुळात कोणाच्या? पाड्यातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन याच वाटेने येतात, पोरं शाळेला याच वाटेने जातात. मोळीवालीला मान वळवता येत नाही. आपण त्याला "ट्रेल" म्हणतो म्हणून तो सायकलींचा होत नाही. बरं, घंटी वाजवत जा म्हणावं तर माझे पक्षी गेले. पहाटे-संध्याकाळी बिबट्या फिरतो त्या वेळी वळणावर अचानक समोर जाऊ नये हेही आलंच.

तुम्ही ६१ वर्षांचे, हळू जाल, मला तुमची भीती नाही. तुम्हाला सोडलं म्हणून मागून येणारा पंचविशीतला येईल, त्याची आहे. चौकीवरच्या मुलाने तुम्हा दोघांत फरक कसा करावा?

छर्रे_आणि_स्पोक

फरक करता येत नाही, हेच तर. माझं सायकलींचं दुकान आहे, रोज बघतो. बाहेरून २५० वॅट आणि १००० वॅट यांचे हब (चाकाच्या मधोमध मोटर बसते तो भाग) थोडे लहानमोठे दिसतात, बस. कंट्रोलरमधली (मोटरला ताब्यात ठेवणाऱ्या डबीतली) वेगमर्यादा काढून द्या म्हणून आठवड्याला दोघेतिघे येतात. मी नाही करत, पण पाच मिनिटांचं काम आहे. त्यामुळे फाटकावर एकच गोष्ट डोळ्यांना दिसते: थ्रॉटल आहे की नाही. तुमचा थ्रॉटल एका कनेक्टरवर असेल, काढून टाका. निदान "पाय न हलवता चालते" हा आक्षेप तरी गेला.

दुसरं म्हणजे, तुमच्या सायकलीला बहुधा केडन्स सेन्सर असणार. तो पायाचा जोर मोजत नाही, क्रँक फिरतोय एवढंच बघतो, आणि फिरला की ढकलतो. डांबरावर मजा. सुट्या मुरमावर, चढावर, मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, वाटही खरवडते आणि तुम्हीही पडाल. टॉर्क सेन्सरवाल्या, म्हणजे पायाचा जोर मोजणाऱ्या, बऱ्या, पण महाग.

तिसरं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. पायवाटेवर धोंडे असतात, ओढे असतात, तिथे सायकल उचलावी लागते. साधी उचलणं वेगळं आणि २३ किलो उचलणं वेगळं. मध्येच बॅटरी बसली तर तेवढं धूड ढकलत आणायचं. तुमचं हृदय वाचवायला मोटर घेतलीत ना? डॉक्टरांना चढाचं विचारलंत, आता उचलण्याचंही विचारा.

मुलुंडचा_म्हातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. छर्रेसाहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद सौ.ने मोठ्याने वाचला. दोनदा.

धनेशताई, तुमच्या "चढावरूनही त्याच वेगाने" यावर मी अडलो. मला वाटायचं, आवाज नाही, धूर नाही, मग त्रास कसला. काल घराजवळच्या चढावर मुद्दाम मोजलं. पूर्वी मी तिथे आठ-नऊने रडतखडत चढायचो, आता वीसने चढतो आणि मला ते वीस वाटतही नाही. समोरून एक आजी पिशवी घेऊन येत होत्या, त्या मला बघून थबकल्या. रस्ता चांगला रुंद होता तरी.

तेव्हा पायवाटेची मागणी मी सोडली. पण डांबराची नाही! बोरिवलीला फाटकापासून कान्हेरीपर्यंत पक्का रस्ता आहे, आत सायकली भाड्यानेही मिळतात. तिथे माझ्यासारख्याला थ्रॉटल काढून, प्रमाणपत्र दाखवून, अमुक वेळेत सोडायला हरकत नसावी असं अजूनही वाटतं. चष्मेसाहेबांच्या मसुद्याने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय, खाली एवढंच वाढवलं की पक्का रस्ता आणि पायवाट यांचं उत्तर वेगवेगळं द्यावं. उद्या टाकतो. उत्तर आलं की प्रत इथेच डकवीन.

थ्रॉटल काढला. एकच कनेक्टर होता, बरोबर.

कालच्या रविवारी पुन्हा त्याच फाटकाशी गेलो होतो. सायकल बाहेर ठेवली आणि चालत आत गेलो, तिघे पुढे सायकलवर. टपरीवाल्याने मला ओळखलं. म्हणाला, "ठेवा काका, सायकलीचे वीस. चार्जिंगला लावली तर वेगळे."

तिरकस_तात्या

वीस फक्त? पत्ता द्या.