वडिलांच्या वहीतला 'फौरी इलाज' म्हणजे नेमका कुठला उपचार? (मदत हवी आहे, तातडीने)

निळू_७५

नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. वडील १९७१च्या लढाईत होते. मागच्या वर्षी गेले. माळ्यावर त्यांची एक खिशात मावेल एवढी वही सापडली. रविवारी वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी नातेवाइकांना द्यायला वहीतल्या मजकुराची छोटी पुस्तिका करतोय. छपाईवाला शुक्रवारपर्यंतच थांबणार.

अडलंय असं की वहीत तीन ठिकाणी 'फौरी इलाज केला' असं लिहिलंय. एका ठिकाणी 'रोक पडली' आणि लगेच पुढे 'गॅस कमी पडत होता'. वडिलांनी जखम झाल्याचं किंवा दवाखान्यात असल्याचं आम्हाला कधीच सांगितलं नाही. आईलाही काही माहीत नाही, ती दोन दिवस नीट जेवलेली नाही. 'रोक' म्हणजे हृदय थांबणं का? लष्करात तेव्हा यावर काय उपचार करत?

कृपया 'रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा' असं कोणी सांगू नये. तेवढा वेळ नाही.

श्वासमोकळा

वाचून वाईट वाटलं. माझ्या मते हा धुळीचा दमा. 'गॅस' म्हणजे ऑक्सिजन. माझ्या मामांना गिरणीत असताना अगदी हेच व्हायचं, छातीत रोक बसल्यासारखं. त्यांना अनुलोम-विलोमने फरक पडला. दमा घराण्यात उतरतो, तेव्हा तुम्हीही एकदा तपासून घ्या.

आबा_निवृत्त

निळूजी, रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख घाला, आईंची सही घ्या. सेवेत असताना आजार झाला असेल तर अपंगत्वाच्या पेन्शनचा विषय निघू शकतो. अर्ज कसा लिहायचा ते मी सविस्तर सांगतो.

निळू_७५

आबा, वरची शेवटची ओळ वाचलीत का?

कोतवाला

थांबा थांबा. तीन तुकडे तीन ठिकाणचे उचलून टाकलेत. पूर्ण ओळ टाका, जशी आहे तशी. आणि पायदळ की तोफखाना? कुठला सेक्टर? हातात हत्यार काय होतं?

निळू_७५

हत्याराचा आजाराशी काय संबंध ते कळलं नाही, पण असो. पायदळ. राजस्थान. हत्यार रायफल, सगळ्यांकडे असते तीच. पूर्ण मजकूर असा (अक्षर बारीक आहे, अर्धं हिंदी अर्धं मराठी):

'६ डिसें. मुनाबावच्या पुढं. पहाटे रोक पडली. फौरी इलाज केला. परत रोक. खोल के देखा, गॅस कमी पडत होता. दोन घरं वाढवला मग ठीक. रात्री चिंदी संपली, बनियन फाडलं. फुलथुरू मधेच अडकला. उस्ताद जाम चिडले.'

चिंदी आणि बनियन म्हणजे जखमेला पट्टी, हे आमचं आम्हीच लावलं. फुलथुरू म्हणजे फुलांचा तुरा असावा, विजयानंतर गावकरी देतात तसा. पुस्तिकेत तसंच टाइप केलंय.

कोतवाला

भाऊ, आधी आईंना जेवायला बसवा. तुमच्या वडिलांना काहीही झालं नव्हतं. आजारी रायफल होती.

'रोक' म्हणजे फायर करताना हत्यार बंद पडणं. 'फौरी इलाज' म्हणजे रोक पडल्यावर विचार न करता हाताने करायची ठरलेली हालचाल. फौजेतली हिंदी आहे ही, सिखलाईत, म्हणजे प्रशिक्षणात, पहिल्या महिन्यापासून घोकून घेतात. मॅगझिन नीट बसलंय का ते थाप मारून बघा, कॉक करा (मूठ मागे ओढून सोडा), शिस्त म्हणजे नेम घ्या, फायर. तेवढ्याने चाललं तर ठीक. परत थांबलं तर मात्र खोलून बघायचं की पुर्जे कुठे अडकलेत. वडिलांनी नेमकं तेच केलंय. 'परत रोक, खोल के देखा.' अगदी पुस्तकातल्यासारखं.

आणि फुलथुरू म्हणजे पुल थ्रू. नळी साफ करायची दोरी. एका टोकाला पितळी वजन, मागे फास, फासात चिंदी. चिंदी म्हणजे फ्लॅनेलचा मोजून कापलेला तुकडा, सफाईला चार इंच बाय दोन इंच. तुरा काढून टाका पुस्तिकेतून.

निळू_७५

... काय बोलू कळत नाही. आईला वाचून दाखवलं. ती आधी रडली आणि मग वडिलांनाच दोन शब्द बोलली.

पण गॅस? रायफलीत गॅस कुठून आला?

तीनशेतीन_प्रेमी

इथेच तर गोम आहे! .३०३ असती तर हा प्रसंगच आला नसता. बोल्ट हाताने ओढा, हाताने ढकला. गॅस नाही, पिस्टन नाही, घरं नाहीत. इशापूरला बनलेल्या त्या रायफली उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०पर्यंत वापरल्या, त्या वर्षीच्या २६ जानेवारीच्या संचलनात त्यांना निरोप दिला. कुठल्या दुसऱ्या हत्याराने एवढी नोकरी केली सांगा.

कोतवाला

दादा, रोक .३०३लाही पडायची. गोळीला मागे कड असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की बोल्ट कितीही ढकला, गोळी पुढे सरकत नाही. आणि १९६२ला चीनसमोर आपल्या पायदळाकडे तीच होती. समोरचा अर्धस्वयंचलित हत्यारातून गोळ्या सोडतोय आणि तुम्ही दर गोळीला बोल्ट मारताय. प्रेम ठीक आहे, पण ज्याने दोन्ही खांद्यावर वागवली त्याला विचारा.

निळू, १९७१ आणि पायदळ म्हणजे बहुतेक एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल), ७.६२ची, वीस गोळ्यांचं मॅगझिन. गॅसची भानगड अशी. गोळी नळीतून पुढे जाताना मागून बारूदचा गॅस तिला ढकलत असतो. नळीला वर बारीक भोक आहे, त्यातून थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये येतो आणि पिस्टनला मागे ठोकतो. त्या धक्क्याने पुर्जे मागे जातात, गोळीचा रिकामा खोका बाहेर पडतो, स्प्रिंगने पुर्जे पुढे येताना नवी गोळी चढते. किती गॅस पिस्टनला द्यायचा आणि किती बाहेर सोडून द्यायचा हे फोरसाइटच्या (नळीवरच्या पुढच्या माशीच्या) मागच्या रेग्युलेटरने ठरतं. तो फिरवायचा, त्याला घरं म्हणजे खाचा असतात. बाहेरची वाट बंद करत गेलं की पिस्टनला गॅस जास्त.

रेती बसली, काजळी धरली की पुर्जे जड होतात. तेवढाच धक्का आता पुरत नाही. खोका अर्धवट बाहेर येऊन अडकतो, नाहीतर पुर्जे पुरते मागे न गेल्याने नवी गोळी उचललीच जात नाही. खोलून बघितल्यावर वडिलांना ते दिसलं, त्यांनी दोन घरं वाढवली आणि रायफल चालली.

बंदूकबाज_पुणेकर

मग सगळ्यांनी गॅस कायम पूर्ण का ठेवत नव्हते? तेवढीच कटकट मिटली असती.

कोतवाला

कारण मग पुर्जे मागच्या बाजूला दणादण आपटतात. खांद्याला मार बसतो, खोके लांब उडतात आणि हत्यार लवकर खिळखिळं होतं. चालण्यापुरता गॅस, वर थोडी शिल्लक, एवढंच. आधी रेग्युलेटर इतका उघडायचा की रायफल चालणारच नाही, मग एकेक घर आवळत एकेक गोळी मारायची, नीट चालायला लागली की आणखी दोन घरं. प्रत्येक रायफलीचं गणित वेगळं. जवानाला आपला बट नंबर (रायफलीच्या दस्त्यावरचा नंबर) आणि आपल्या रायफलीचं घर झोपेतही सांगता यायचं.

गॅस वाढवणं म्हणजे तापावर गोळी घेण्यासारखं, खरा इलाज सफाई. म्हणून तर रात्री चिंदी.

जाता जाता एक. सिखलाईत एका पोराची रायफल दर गोळीला हाताने कॉक करावी लागत होती. गॅस वाढवून वाढवून संपला, हा रडकुंडीला. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, आले, सिलिंडरच्या तोंडाचा गॅस प्लग बघितला आणि काही न बोलता त्याच्या टोपीवर टपली मारली. प्लग उलटा बसवला होता. नळीवरून ग्रेनेड फेकायची असली की प्लग तसा फिरवतात, पिस्टनचा गॅस पूर्ण तोडायला. तो पोरगा मीच.

तीनशेतीन_प्रेमी

हा हा. बोल्ट उलटा बसत नाही हो आमचा.

बंदूकबाज_पुणेकर

वाळवंटात तेल जास्त लावायला हवं होतं. घर्षण कमी, रोक कमी. साधं विज्ञान.

कोतवाला

साफ चूक. तेल आणि रेती एकत्र आली की पॉलिशचा लेप तयार होतो, पुर्जे घासून काढणारा. रेतीत पुर्जे जवळपास कोरडे ठेवायचे, फक्त पुसल्यासारखं तेल. तेल भरपूर लावायची जागा म्हणजे समुद्रकिनारा आणि पावसाळा. आणि नळी फायरिंगआधी कोरडीच.

बंदूकबाज_पुणेकर

मी सगळीकडे वाचलंय की स्वयंचलित हत्यार 'ओलं' चालवावं.

कोतवाला

वाचलंय ना? मग ठीक.

तीनशेतीन_प्रेमी

तेलावरून आठवलं. आमचे आजोबा .३०३ चालवल्यावर आधी उकळतं पाणी ओतायचे नळीत, नरसाळ्याने. घरात सगळे हसायचे. पण जुन्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळून मिठासारखा क्षार मागे राहतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. वरून तेल चोपडलं तरी आत गंज चालूच. आधी पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी.

कोतवाला

याला मात्र +१. शंभर टक्के बरोबर.

ए_के_भक्त

एवढा काथ्याकूट कशाला? एके ४७ला यातलं काही लागत नाही. चिखलात बुडवा, काढा, फायर. आणि आपली इन्सास रायफल घ्या, पुण्यात पाषाणला आपल्याच शास्त्रज्ञांनी आखलेली, १९९९ला कारगिलच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे. शेवटी २०१९ला परदेशी सिग ७१६ रायफल घ्यावी लागलीच ना, ७२,४०० नग!

कोतवाला

सिग ७१६ची गोळी कुठली ते बघा. ७.६२ बाय ५१. म्हणजे एसएलआरची. फिरून भोपळे चौकात.

'एकेला सफाई लागत नाही' हेही ऐकून घेणार नाही. पुर्जे सैल असल्याने ती घाण जास्त सोसते, एवढंच. कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, आम्ही तीही रोज उघडायचो.

बंदूकबाज_पुणेकर

हे मात्र पटलं. व्हिएतनाममध्ये एम १६ची पोरांच्या हातात गळचेपी झाली ती याच भ्रमातून. हिला सफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला, साफसफाईचं सामानच पुरेसं पोचलं नाही, त्यात काडतुसातली पावडर बदलली आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. १९६७ला अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. नंतर क्रोम आला, सामान आलं, आणि तीच रायफल आजही वंशजांच्या रूपात चालू आहे.

आबा_निवृत्त

अवांतर: १९७१ निघालंच आहे तर जमालपूर विसरू नका. पहिली मराठा, जंगी पलटण. शरण या म्हणून आपण पत्र पाठवलं, समोरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. रात्री फुटून निघायला बघत होते, मराठ्यांनी वाट अडवली. सकाळी शरण. निळूजी, वडील कुठल्या पलटणीत?

निळू_७५

आबा, जमालपूर पूर्वेला, वडील पश्चिमेला. मराठा नव्हे, दुसरी पलटण. इथे नाव नको, घरच्यांची इच्छा नाही.

कोतवाला काका, एकच शेवटचं. बनियन आणि अडकलेला फुलथुरू, म्हणजे पुल थ्रू. उस्ताद का चिडले? बनियन तर वडिलांचं स्वतःचं होतं.

कोतवाला

चिडणारच. चिंदी मोजून कापतात त्याला कारण आहे. बनियनचा तुकडा अंदाजाने फाडलेला, त्यात विणलेलं कापड ताणून गोळा होतं. नळीच्या मध्यात जाऊन बूच बसतं. जोर लावला की दोरी तुटते, मग नळीत कापड, आणि ती रायफल त्या रात्रीपुरती काठी. चुकून कोणी फायर केलं तर नळी फुटायची. लढाईच्या तोंडावर सेक्शनमधली एक रायफल एका बनियनपायी बंद. मी असतो तर मीही चिडलो असतो.

पुढची ओळ काय आहे? निघाली का?

निळू_७५

'सकाळी उस्तादनी मागच्या फाशात दुसरी दोरी बांधून उलटा ओढला. निघाला. मग हसले.'

तीनशेतीन_प्रेमी

तिसरा फास! .३०३च्या दोरीलाही तीन असायचे. एक जाळीला, एक चिंदीला आणि तिसरा खास याच कामाला.

निळू_७५

आत्ता आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणूनच.' वडील घरी सायकलची चेन पुसायला जुनं बनियन कापायचे ते फूटपट्टी लावून. आई ओरडायची, पुसायच्या फडक्याला कसलं माप. एक पूर्ण डबा होता सारख्या तुकड्यांचा. वही सापडली त्याच माळ्यावर तो अजून आहे. मोजले. चार बाय दोन.

पुस्तिका दुरुस्त करून दिली छापायला. तुरा काढला. 'रोक' आणि 'फौरी इलाज' तसेच ठेवलेत, खाली काकांचा खुलासा त्यांच्या शब्दांत टाकला तर चालेल ना?

कोतवाला

चालेल. माझ्या प्लगची गोष्ट तेवढी गाळा.

श्वासमोकळा

सगळं वाचलं. छान चर्चा. पण दम्याची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही असं मला अजूनही वाटतं.