ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलायचा की शॉपला द्यायचा? (कालच्या पोस्टला उत्तर)

तेलकट हात:
काल इथे एकाने लिहिलंय, "ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलणारा पैसे वाचवत नाही, तो शॉपवाल्याचं काम दुप्पट करून ठेवतो. बादलीत भरून आणलेले गिअरबॉक्स मी नेहमी बघतो." वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या पिकअपचा गिअरबॉक्स मी स्वतः खोललाय, दोनदा खोललाय, आणि दुसऱ्यांदा का खोलावा लागला तेही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. पहिल्या वेळी तिसऱ्या गिअरच्या क्लचचा पिस्टन ड्रममध्ये बसवताना त्याचं लिप सील (ऑइलचा दाब अडवणारी रबरी कडा) दुमडलं गेलं आणि मला कळलंच नाही. तीन आठवड्यांत नवीकोरी फ्रिक्शन प्लेट (क्लचमधली पकड धरणारी चकती) कोळसा झाली. दुसऱ्या वेळी ड्रम जोडला की लगेच ऑइलच्या भोकातून कंप्रेसरची हवा मारून बघितली, पिस्टन ठक्कन पुढे येतो का, कुठून फुसफुसतंय का, आणि प्लेटांमधली गॅप फिलर गेजने मोजली. तेव्हापासून गाडी ट्रेलर ओढतेय. ही हवेची टेस्ट पाच मिनिटांची आहे. ती केली नाही ही चूक माझी, पण म्हणून घरी काम करणंच चूक कसं ठरतं?

पिटातला जुना:
ती पोस्ट माझी. आणि तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत, दोनदा खोललात ना? तुमच्याकडे दुसऱ्यांदा खोलायला वेळ होता, धीर होता. माझ्याकडे येतात ते पहिल्या फेरीतच अडकलेले. चेक बॉल (ऑइलची वाट उघडणारी-बंद करणारी छोटी गोळी) जागेवर राहावा म्हणून बेअरिंगचं ग्रीस फासतात, ते एटीएफमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये, विरघळत नाही, मग वॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठल्या क्लचला जाणार ते ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटा तुंबतात. पेट्रोलियम जेली लावा, असेंब्ली लूब लावा, ग्रीस नको, हे किती वेळा सांगायचं? टेफ्लॉनच्या रिंगा ताणून बसवल्यावर साइझरने (रिंग दाबून मापात आणणाऱ्या हत्याराने) परत आवळाव्या लागतात, तो साइझर किती जणांकडे असतो? आणि सगळ्यात वाईट म्हणजे कन्व्हर्टर, इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा. पूर्ण आत बसलेला नसताना बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कव्हरचे) बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला खेचतात. पंप तिथेच फुटतो, गाडी सुरू व्हायच्या आधी.

तेलकट हात:
कन्व्हर्टर फिरवत ढकलायचा, टप्प्याटप्प्याने आत जातो ते हाताला कळतं, आणि बोल्ट आवळल्यावरही तो मोकळा फिरला पाहिजे, फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीपर्यंत) थोडी फट राहिली पाहिजे. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. वाचणारा माणूस घरीही वाचतो.

स्टँडवरची गाडी:
शॉपवाल्यांचं मोठेपण फार झालं. माझी गाडी शॉपमध्ये "रिबिल्ड" झाली, महिन्याभरात परत स्लिप व्हायला लागली. का? तर गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा कूलर आणि त्याच्या लाइन धुतल्याच नव्हत्या, जुन्या गिअरबॉक्सचा सगळा कचरा नव्यात आला. वर मलाच ऐकवलं की तुम्ही जड ट्रेलर ओढला असेल. वॉरंटी होती, पण गाडी तिथे उभी राहिली तितके दिवस माझं काम बंद राहिलं त्याचं काय? घरी केलं असतं तर निदान काय धुतलं आणि काय नाही ते मला माहीत असतं.

पिटातला जुना:
कूलर न धुता गिअरबॉक्स चढवणारा मेकॅनिकच नाही. यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

चौथा गिअर:
तुम्ही सगळे गिअरबॉक्स खोलायला निघालात, पण तो बिघडतो कशाने ते कुणी बोलत नाही. ऑइल बदलल्याने! माझ्या मामांची गाडी एकदम झकास चालत होती, कुणाच्या तरी सांगण्यावरून ऑइल बदललं आणि आठ दिवसांत तिसरा गिअर गेला. जुन्या गाडीचं ऑइल बदलायचं नसतं, त्या घाणीवरच प्लेटा पकड धरून असतात.

तेलकट हात:
मामांनी ऑइल का बदललं ते विचारा आधी. गाडी झकास चालत असताना लोक सहसा त्या ऑइलकडे बघतही नाहीत. स्लिप व्हायला लागली, जळका वास आला, की मग बदलतात. तोवर प्लेटा गेलेल्या असतात, आणि नाव ऑइलचं होतं.

चौथा गिअर:
मामांना खोटं पाडू नका. स्लिप नव्हती म्हटलं ना.

पिटातला जुना:
इथे मी घरी काम करणाऱ्यांच्या बाजूने आहे, लिहायला जड जातंय तरी लिहितो. ऑइलचा शत्रू उष्णता. तापलं की ऑक्सिडाइझ होतं, वार्निश धरतं, वॉल्व्ह अडकतात, सील कडक होतात. पॅन काढून बदललं तरी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणजे मामांच्या गाडीतही जुनं ऑइल होतंच की!

चौथा गिअर:
मशीन लावून पूर्ण फ्लश केलं होतं.

स्टँडवरची गाडी:
मग हे आधी का नाही सांगितलंत?? इतका वेळ "बदललं, बदललं" चाललंय! मशीनवाल्याने फिल्टर बदलला का? कुठलं ऑइल भरलं? लेव्हल कशी बघितली? बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर बघायची असते. कमी राहिलं तर पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि प्लेटा जळतात. आठ दिवस भरपूर झाले त्याला.

चौथा गिअर:
ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. पण इतकं खेकसायची गरज नाही.

पिटातला जुना:
घरी खोलणाऱ्यांना आणखी एक विचारायचंय. जीएमच्या ७००आर४ या चार गिअरच्या गिअरबॉक्सचा काळ वेगळा होता, १९८२ पासून तो टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवर चालायचा, केबल चुकीची लावली की दाब कमी आणि थ्री-फोर (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा) क्लच खलास, पण निदान केबल डोळ्यांनी दिसायची. १९९३ मध्ये त्याचाच पुढचा ४एल६०ई आला आणि तो कारभार कॉम्प्युटरकडे गेला. आता सहा नि दहा गिअरचे आलेत, जोडल्यावर कॉम्प्युटरने शिकलेल्या व्हॅल्यू स्कॅनरने पुसाव्या लागतात, नाहीतर नव्या प्लेटांना जुन्या झिजेच्या हिशोबाने दाब मिळतो. स्कॅनर आहे घरी?

तेलकट हात:
दहा गिअरचा मी घरी खोलणार नाही, मान्य. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, तोही घरी खोलता येत नाही, तयारच आणावा लागतो, तेही मान्य. पण चार गिअरच्या जुन्या ट्रकला तोच नियम लावू नका. आणि स्कॅनरचाच विषय काढलात तर सांगा, किती शॉप गिअरबॉक्स उतरवण्याआधी प्रेशर गेज लावतात? एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा वॉल्व्ह) किंवा एक कनेक्टर खराब असतो आणि आख्खा गिअरबॉक्स खाली येतो.

पिटातला जुना:
मी लावतो. सगळे लावत नाहीत. बरोबर आहे.

नवीन आहे:
मध्ये बोलतो, माफ करा. माझा ट्रक दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसता रेस होतो, गार असताना ठीक, तापल्यावर जास्त. चार गिअर आहेत. घरी जॅक आहे, दोन स्टँड आहेत, गिअरबॉक्सचा जॅक नाही. काय करू?

तेलकट हात:
गिअरबॉक्सच्या जॅकशिवाय खाली झोपू नकोस, हे पहिलं. साध्या जॅकवर तो डोलतो, आणि सुटला की छातीवर येतो.

पिटातला जुना:
एवढ्यात काही उतरवू नकोस. लेव्हल बघ, गेज लाव, दाब गार असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळा लिहून ठेव. तापल्यावर दाब पडत असेल तर पंप, सील, नाहीतर फिल्टरच्या नळीचं सील. दाब ठीक असूनही रेस होत असेल तर क्लच. पॅन काढलास का? तळाला काय होतं?

नवीन आहे:
काढलाय. काळा बारीक गाळ आहे, भरपूर. चमकणारं काही नाही. लोहचुंबकावर थोडी राखाडी पेस्ट.

तेलकट हात:
काळा भरपूर म्हणजे फ्रिक्शनच. उघडावा लागणार.

पिटातला जुना:
उघडावा लागेल, पण प्लेटा कशाने जळल्या ते गेजवर कळल्याशिवाय नाही, नाहीतर नव्यासुद्धा जळतील. फिल्टरचं सील पॅनबरोबर निघालं की वरच राहिलं, ते बघ आणि फोटो टाक.