वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिणारे नेमकं काय लिहितात?

गोदाकाठ (परभणी): नमस्कार. लग्नाआधी मी रोज लिहायची. आता वही उघडली की ‘आज विशेष काय घडलं’ इथंच अडते. डबे, शाळा, शेतातली माणसं, झोप. त्यात आमचं एकत्र घर. मनातलं लिहिलं अन् कुणाच्या हाती लागलं तर? ज्यांनी बरीच वर्षं लिहिलंय त्यांनी सांगावं.

औसेकर गुरुजी: ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. १९८४ पासून लिहायलोय. विशेष घडायची वाट बघू नका. मी आधी तारीख लिहितो, मग पाऊसपाणी, घरी कोण आलं-गेलं, बाजारात काय भाव होता. एवढं झालं की मनातलं आपोआप उतरतं. नाही उतरलं तर पान तिथंच सोडतो.

३० सप्टेंबर १९९३ चं पान सांगतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं उशिरा निजलेली, अन् पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. त्या पानावर दुःखाचं एक अक्षर नाही; ते लिहायची ताकदच नव्हती. लिहिलंय ते असं: ‘शाळा बंद. चादरी अन् ज्वारीचं अर्धं पोतं ट्रकमध्ये दिलं. तिकडून आलेले सांगतात, दगडमातीच्या भिंती पडल्या, माळवदाची माती अंगावर आली. आज अंगणात झोपायचं.’ शेवटचं वाक्य वाचलं की अजून पोटात कालवतं. धाकटा भाऊ म्हणतो, आपण आठवडाभरच बाहेर झोपलो. वहीत दिवाळीपर्यंत ‘अंगणात’ हाच शब्द आहे.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वहीत त्याच आठवड्यात आहे: ‘लेकीकडं गेलो. पाहुण्यापुढं भरलेला तांब्या ठेवत नाहीत, पेल्यानं पाणी देतात.’ ताई, हे तुम्ही-आम्ही लिहिलं नाही तर कोण लिहिणार? तुमचे डबे, तुमच्या शेतातली माणसं, हेच लिहा. सोयाबीन काढायला किती रोज दिला, तेही लिहा.

घरच्यांचं म्हणाल, तर मी सरळ सांगून ठेवलंय: माझ्या माघारी वाचा, आत्ता नाही. फार आतलं असेल ते वेगळ्या वहीत, माझ्या कपाटात. खुणांच्या भाषेत मात्र लिहू नका, दहा वर्षांनी तुमचं तुम्हालाच उलगडत नाही.

नांदेडची लेक: माझ्या आईला लिहिता येत नाही. ती सांगते, मी लिहिते. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. ‘दुष्काळाबद्दल सांग’ म्हटलं की दोन वाक्यांत आवरतं घ्यायची. एकदा विचारलं, मिलोची (तेव्हा बाहेरदेशातून आलेली ज्वारी) भाकर कशी लागायची? मग तांबडी ज्वारी, सुकडीची (दुष्काळी कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ) रांग, मुकादमाचं हजेरीपुस्तक, दुपारभर बोलत राहिली. गोदाकाठ ताई, सासूबाईंना असं विचारून बघा. त्याच वही धरून बसतील तुमच्याजवळ.

गोदाकाठ (परभणी): गुरुजी, आज लिहिलं. ‘ढगाळ. तूर फुलात. जाऊबाईंनी शेंगदाण्याची चटणी केली, लसूण जास्त.’ लिहिता लिहिता जाऊबाईंशी महिनाभर धड बोलले नाही हे आठवलं, तेही खाली लिहिलं. एक विचारायचंय, वह्या टिकवता कशा?

औसेकर गुरुजी: झकास सुरुवात. लोखंडी पेटी, खाली दोन विटा, म्हणजे फरशीची ओल लागत नाही. कडुनिंबाचा पाला वाळवूनच टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही कोंडू नका, आत दमटपणा धरतो. वर्तमानपत्राची कात्रणं पानाला चिकटवू नका, ती पिवळी पडतात अन् शेजारच्या पानावर डाग उमटतो. दुकानाची गुळगुळीत छापील पावती काही वर्षांत कोरी होते, त्यावरचा आकडा वहीत उतरवून घ्या. अन् पेन ठरवायच्या आधी एका कागदावर लिहून, वाळू देऊन, ओलं बोट फिरवून बघा. शाई पसरली तर ते पेन लेकरांना द्या.