टेप हातात घेतली की ब्राचा प्रश्न सुटतो, हे मला मान्य नाही

रानजाई:
मागच्या आठवड्यात 'कोकणकडा' यांनी लिहिले की ऐंशी टक्के बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात, कारण त्यांना स्वतःच्या शरीराची लाज वाटते आणि माप घेण्याचा आळस असतो. टेप घ्या, तीन मिनिटांत माप काढा आणि तक्रारी थांबवा, असा त्यांचा सल्ला होता. 'आळस' हा शब्द माझ्या मनातून चार दिवस गेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी एकोणीस वर्षांची असताना पुण्यात तुळशीबागेच्या परिसरातील एका दुकानात गेले होते. विक्रेत्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि आत आवाज दिला, "ताईंना चाळीस काढ रे." शेजारी माझी होणारी वहिनी उभी होती. मी काही न बोलता ते खोके घेतले, आणि पुढची बावीस वर्षे चाळीसच घेत राहिले. पाठीचा पट्टा मानेकडे चढायचा, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडायचे, आणि दोष माझ्या अंगाचा आहे, अशी माझी खात्री झाली होती.

एकेचाळिसाव्या वर्षी मी टेप घेतली. छातीखाली ३२ इंच, छातीवर ३८ इंच. मापांच्या एका तक्त्याने छातीखालच्या मापात चार इंच मिळवून ३६बी सांगितले (आकडा पाठीच्या पट्ट्याचा, अक्षर कपाचे). दुसऱ्याने काहीही न मिळवता ३२ई सांगितले. शरीर तेच, टेप तीच, तरी दोन उत्तरे. शेवटी एका मोठ्या दालनात अकरा ब्रा घालून पाहिल्यावर जी बसली, ती ३४डीडी होती, म्हणजे दोन्ही तक्त्यांत न सांगितलेली. अकरा घालून पाहायला मिळाल्या म्हणून ती सापडली. ज्या दुकानात घालून पाहायला पडदासुद्धा नाही, तिथे बाईने टेपचे काय करायचे? आता माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, आणि तिला पहिल्याच दुकानात कोणी मोठ्याने आकडा ऐकवू नये, एवढीच माझी धडपड आहे.

कोकणकडा:
आपला अनुभव वाईट होता, हे मी नाकारत नाही. पण बावीस वर्षे आपण तेच खोके घेत राहिलात, हे आपणच लिहिले आहे, आणि माझा मुद्दा नेमका तोच होता. माझ्या आईने सहा हजारांची पैठणी विनातक्रार घेतली. पण तिच्या ब्राचे इलॅस्टिक सैल पडले, की ती पाठीमागे सेफ्टी पिन लावत असे. ती पिन एकदा घरात पाहुणे असताना उघडली आणि तिच्या पाठीत रुतली. त्या दिवशीही नवी ब्रा आणायला ती तयार नव्हती, कारण "आतले कोण बघतंय." हे दुकानदाराने शिकवलेले नाही. स्वतःच्या आरामावर दीडशे रुपयांपेक्षा अधिक खर्च करणे हा आपल्या घरांत अपराध मानला जातो, आणि बायका तो नियम स्वतःच पाळतात. मी जे लिहिले ते रागाने लिहिले, पण तो राग आईसाठी होता.

शिवणटिपण:
मी इचलकरंजीला तेवीस वर्षे ब्लाऊज शिवते, म्हणून या मापांविषयी थोडे सांगते. रानजाई, तुमच्या त्या विक्रेत्याचा अंदाज अर्धा बरोबर होता, आणि म्हणूनच घोटाळा इतकी वर्षे लक्षात आला नाही. कपाचे अक्षर हे ठरावीक आकाराचे नाव नाही. ते छातीवरच्या आणि पट्ट्याच्या मापांतील फरक दाखवते. त्यामुळे पट्टा एक अंक, म्हणजे दोन इंच, वाढला की त्याच आकाराच्या कपाचे अक्षर एकाने खाली येते. ३४डीडी, ३६डी, ३८सी आणि ४०बी या चारही मापांत कप सारखाच असतो. साध्या दुकानात अक्षर विचारत नाहीत, जे मिळते ते बहुतेक बी कपाचेच असते. तुम्हाला कप पुरेसा पडावा, म्हणून त्याने चाळीस दिली, आणि पट्टा तीन अंकांनी सैल गेला. ब्राचा मुख्य भार पाठीच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो सैल झाला की सगळे ओझे खांद्यांवर येते, आणि बाईला वाटते की आपलेच अंग जड आहे.

चार इंच मिळवण्याची रीत कापडात ताण नसतानाच्या काळात ठीक होती. आता पट्टा ताणतो, म्हणून नवी ब्रा शेवटच्या हुकावर घट्ट बसावी आणि इलॅस्टिक सैल पडेल तसतसे आतल्या हुकांवर यावे, असे मी गिऱ्हाइकांना सांगते. आणखी एक गोष्ट मला फार वर्षांपासून बोलायची आहे. कटोरी ब्लाऊजसाठी बायका माझ्याकडे तीन-तीन वेळा माप द्यायला येतात, टक अर्ध्या इंचाने वर गेला तर परत आणतात, पण ते माप त्या ढिल्या ब्रावरूनच देतात. मग ब्लाऊज बिघडला की दोष माझा ठरतो. ज्या बाईला ब्लाऊजची कटोरी कळते, तिला कप कळणार नाही, असे कोणी म्हणू नये.

माणगंगा:
वरच्या तिन्ही प्रतिसादांत भरलेल्या अंगाच्या बाईचीच कहाणी आहे, आणि आमच्यासारख्या किरकोळ अंगाच्या बायकांचा विचार कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही, याचे मला वाईट वाटते. मला ३२ए लागते. आमच्या गावापासून साताऱ्यापर्यंत कुठेही गेले तरी या मापात बिनपॅडची साधी सुती ब्रा मिळत नाही. "पॅडेडच घ्या ताई, अंगाला शोभेल," हे मला विक्रेत्या बायकांनीही सांगितले आहे. माझ्या लग्नाच्या खरेदीत सासरच्या एका नातेवाईक बाईने सर्वांदेखत माझ्यासाठी जाड पॅडची खोकी वेगळी काढली. मी ती चार वर्षे घातली, उन्हाळ्यात घामाने अंगाला चट्टे उठले तरी घातली. रानजाईंना मोठा आकडा ऐकवला गेला. मला मात्र माझे माप तयारच करण्याजोगे नाही, असे सांगितले गेले.

रानजाई:
माणगंगा, मी तुमचा विचार केला नव्हता, हे खरे आहे, आणि ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. परंतु कोकणकडा यांना मी हे विचारते, की माणगंगा यांच्या बाबतीत आळस कुठे होता? त्यांना माप माहीत आहे, पैसे द्यायची तयारी आहे, आणि तरीही वस्तू मिळत नाही.

मेनरोड:
नाशिकच्या मेनरोडवर आमचे दुकान आहे; आजोबांनंतर वडील आणि आता मी ते चालवतो. रानजाई यांना ज्याने असे वागवले त्याचे मी समर्थन करणार नाही, पण सर्व दुकानदारांना एकाच मापाने मोजू नये. हिशेब पाहा. तीसपासून बेचाळीसपर्यंत पट्ट्याचे सात अंक, एपासून ईपर्यंत डीडी धरून कपाची सहा अक्षरे, म्हणजे बेचाळीस मापे झाली. पांढरा, काळा आणि त्वचेचा रंग धरला तर एकशे सव्वीस. प्रत्येकाचे तीनच नग ठेवले तरी एका नमुन्याचे तीनशे अठ्ठ्याहत्तर नग होतात, आणि आमच्याकडे किमान पंधरा नमुने लागतात. घाऊक व्यापारी न खपलेला माल परत घेत नाही. मग मी तेच ठेवतो जे रोज खपते. पडद्याचे म्हणाल, तर घालून पाहिलेली ब्रा दुसरी बाई घेत नाही.

आणि पुरुष विक्रेता म्हणजे दोषी, हा सूर मला दुखावतो. माझे वडील गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहत नसत. बाईने कागदावर आकडा लिहून दिला तरी चालत असे. तीस वर्षे ज्या बायका त्यांच्याकडेच येत राहिल्या, त्या लाजेने येत नव्हत्या.

रानजाई:
तुमच्या वडिलांनी मान वर केली नाही, याबद्दल मला आदर आहे. परंतु मान खाली घालून कोणाचेही माप कळत नाही, आणि बाईला आकडा कागदावर लिहून द्यावा लागतो, हीच तर माझी तक्रार आहे. सौदी अरेबियासारख्या देशात जानेवारी २०१२ पासून अंतर्वस्त्रांच्या दुकानांत फक्त स्त्रिया विक्रेत्या ठेवण्याचा नियम लागू झाला, आणि तो तिथल्या स्त्रियांनी मोहीम चालवून मिळवला. आपल्याकडे मात्र २०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने दुकानांतील अंतर्वस्त्रे घातलेल्या पुतळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. पुतळ्यांची जितकी चिंता झाली, तितकी आत उभ्या असलेल्या बाईची झाली नाही.

मेनरोड:
तो ठराव आम्ही केला नव्हता. बोलायचे तर आमच्याशी बोला, महापालिकेचा राग आमच्यावर काढू नका.

नेकारकाठ:
मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. माझ्याकडच्या भारतीय ब्राच्या खोक्यावर ३४ आणि त्याखाली ८५ सेंटिमीटर असे छापलेले असे. इथे आल्यावर तोच आकडा लक्षात ठेवून मी दुकानात ८५ मागितली, आणि ती अंगावर इतकी सैल झाली की परक्या देशात आपण खंगलो, असे मला वाटले. विक्रेत्या बाईने छातीखाली टेप धरली आणि ७५ सांगितले. इथे जर्मनीत पट्ट्याचा आकडा हा छातीखालच्या घेराचाच आकडा असतो. आपल्या खोक्यावरचे ८५ हे नुसते चौतीस इंचांचे ढोबळ सेंटिमीटर आहेत. ते माझ्या छातीखालचेही माप नाही आणि छातीवरचेही नाही. त्यामुळे टेप पुरेशी नाही, हे रानजाईंचे म्हणणे मला पटते. पण त्या बाईने टेप धरली नसती तर मलाही कळले नसते, एवढे कोकणकडा यांच्या बाजूने लिहिते.

सांजवात:
माझे वय अडुसष्ट. आमच्या लहानपणी आई मांजरपाटाची बॉडी घरीच शिवायची, त्यामुळे आकड्याची लाज कोणाला ठाऊक नव्हती. लाज होती ती वाळत घालण्याची, आणि त्यावर कोणीच लिहिले नाही. रत्नागिरीच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सासूबाईंचा दंडक असा होता की बॉडी परकराच्या आत, आणि परकर टॉवेलच्या आत. तसली ओली, कुबट बॉडी अंगावर चढवून मी अकरा वर्षे काढली. छातीखाली नायटा झाला, तो डॉक्टरांना दाखवायचीही चोरी, म्हणून तो पसरत गेला. माप बरोबर असून काय करणार? आज मी घरात काहीच घालत नाही आणि सुखात आहे. या वस्तूने कर्करोग होतो, असेही मी वाचले आहे. तुम्ही मुली एवढ्या हिशेबात का पडता?

कोकणकडा:
काकू, तुमची अकरा वर्षे वाचून मला बोलवेना. आमच्याकडेही दोरीवर ओढणीखालीच कपडे असतात, आणि परवा मी माझ्या जावेला यावरून बोलले, तर घरात दोन दिवस अबोला आहे. परंतु "घालू नका" हे उत्तर सर्वांना लागू पडत नाही. मी रोज सकाळी धावते. धावताना स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांना हलतात, आणि आधार नसेल तर मला वेदना होतात.

माणगंगा:
काकू, कर्करोगाचे तेवढे मनातून काढून टाका. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. किती तास घातली, तार होती की नव्हती, कितव्या वर्षी सुरू केली, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. घालायची नसेल तर सुखासाठी घालू नका, भीतीपोटी नको. दोरीचे मात्र तुमचे शंभर टक्के खरे आहे. मी आज माझ्या ब्रा गच्चीवर उन्हात, कशाच्याही आड न ठेवता वाळत घातल्या. सासूबाईंनी त्या काढून आत आणल्या. मी पुन्हा नेऊन घातल्या.

शिवणटिपण:
दमट ठेवल्याने इलॅस्टिकही लवकर कुजते. सावलीत चालेल, पण वारा लागू द्या.

सांजवात:
माणगंगा, सासूबाईंना रागावू नका. त्यांनाही कोणीतरी तसेच शिकवले असेल. पण काढून आणू देऊ नका.

कोकणकडा:
ऐंशी टक्के हा आकडा मी एका जाहिरातीत वाचला होता आणि पडताळला नव्हता; तो मागे घेते. 'आळस' हा शब्दही रानजाई आणि माणगंगा यांच्यापुरता मागे घेते. माझ्या आईच्या सेफ्टी पिनेबद्दल मात्र मी माझे मत बदललेले नाही.

मेनरोड:
मी घरी हा विषय काढला. आई म्हणाली की दुपारी दोन ते पाच ती दुकानात बसेल आणि टेप तिच्याजवळ राहील. मागच्या खोलीत पडदा लावता येईल, घालून पाहण्यासाठी प्रत्येक मापाची एक ब्रा वेगळी ठेवू, ती विकणार नाही आणि रोज धुऊ. बेचाळीस मापे मला परवडणार नाहीत, ते मी आजही म्हणतो. बत्तीस आणि चौतीसच्या पट्ट्यांत डी, डीडी आणि ई, तसेच बिनपॅडची ३२ए, एवढी एकेक डझन मागवतो. नाशिकच्या कोणाला आणखी माप हवे असेल, तर आईला येऊन सांगावे, मला नाही.

रानजाई:
माझी धाकटी बहीण नाशिकला पंचवटीत राहते, आणि तीही माझ्यासारखीच चाळीसचे खोके घेते. शनिवारी तिला पाठवते. तिचे माप मी इथे लिहिणार नाही. ती तुमच्या आईंनाच सांगेल.