मोठ्यांनी बर्फावर यायचंच नाही का?

कडेवरची

काल इथे 'उत्तरध्रुव' यांनी लिहिलं की आइस स्केटिंगच्या नवशिक्या वर्गात मोठ्या माणसांना घेऊच नये. थोडक्यात म्हणणं असं: लहानपणी शिकलं तरच अंगात मुरतं, मोठे कठडा सोडत नाहीत, कोचचा निम्मा वेळ खातात आणि वर मुलांच्या अंगावर पडतात. तिथेच दोन ओळी लिहून सोडून देणार होते, पण रात्री झोप लागेना. म्हणून हा वेगळा धागा.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. पहिल्या तासाला आम्ही पुढे सरकलोसुद्धा नाही. आधी पडायला शिकलो. गुडघे वाकवायचे, खाली जायचं, एका बाजूच्या कुल्ल्यावर बसल्यासारखं पडायचं, हनुवटी छातीकडे, हात पोटाशी. पडल्यावर मुठी मिटायच्या, म्हणजे कुणाचं ब्लेड बोटांवरून जाणार नाही. मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल समोर ठेवायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उठायचं. माझ्या शेजारी सहा वर्षांचा मुलगा हेच करत होता. तो चौथ्या प्रयत्नात उठला, मी अकराव्या. त्यात कुणाचं काय बिघडलं?

मोठ्यांना भीती वाटते, हे खरं. उंचावरून पडतो, वजन जास्त, लागतं जास्त. ती भीती मूर्खपणाची नाही. पण मोठ्यांना कारण सांगितलं की कळतं. ब्लेडच्या तळाला लांबीभर खाच असते, त्यामुळे तिला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची, हे कोचने ब्लेड उलटी धरून दाखवलं, तेव्हा मला तीन आठवडे न कळलेलं एका मिनिटात कळलं. माझे पाय सारखे आत पडत होते, कारण मी सगळा वेळ आतल्या कडेवर उभी होते. मूल हे बघून उचलतं, मी ऐकून उचललं. दोघंही शिकलो.

उत्तरध्रुव

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझी बाजूही पूर्ण ऐका. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिसऱ्या तासाला एक गृहस्थ तोल जाऊन मागे पडले ते थेट तिच्यावर. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यांनी मुद्दाम केलं नाही, माफीही मागितली, मला त्यांच्यावर राग नाही. पण ऐंशी किलोचा माणूस आणि बावीस किलोचं मूल एकाच अरुंद पट्ट्यात का उभे केले जातात, याचं उत्तर मला कुणी देत नाही. तुमचा अनुभव सुंदर असेल. मी दवाखान्यात बसलो होतो.

सावकाश

मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण यातून 'लहानपणीच शिकावं' कसं निघतं? अमेरिकेचा फिगर स्केटर जॉनी विअर बाराव्या वर्षी स्केटिंगकडे वळला आणि 2008 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना अठ्ठावीस वर्षांपुढच्या हौशी स्केटर्ससाठी वेगळी स्पर्धा भरवते, जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला, 2005 पासून. साठीपुढचेही तिथे उतरतात. याच संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय पंधरावरून सतरावर नेलं. मुलांना लवकर पिळून काढायचा जो हट्ट आहे, त्याला कुठेतरी लगाम घालावा लागला, हे त्यांनाही पटलं म्हणूनच ना?

उत्तरध्रुव

बारा म्हणजे चाळीस नव्हे. आणि वरिष्ठ गटाच्या वयाचा नवशिक्या वर्गाशी काडीचा संबंध नाही. विषय भरकटवू नका.

दोन_मुलांची_आई

तुम्ही दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. वर्गातला खरा घोटाळा म्हणजे ती ढकलायची आधाराची चौकट. माझा मोठा मुलगा दोन महिने ती धरून फिरला. आम्ही खूश, फोटो काढतोय. चौकट काढली आणि तो उभाही राहू शकला नाही! कंबरेतून पुढे वाकलेला, गुडघे ताठ, सगळा भार हातांवर. म्हणजे दोन महिने तो चौकट ढकलायला शिकला. धाकट्याला मी पहिल्या दिवसापासून चौकटीशिवाय सोडलं. पहिला तास रडला, तिसऱ्या तासाला स्वतः चालत होता. चौकटी सगळ्या रिंकवरून हद्दपार कराव्यात.

जुनी_ब्लेड

मी बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवलंय. चौकटीबद्दल बाईंचं निरीक्षण बरोबर आहे. ब्लेड खालून सरळ नसते, पुढून मागे किंचित गोलाई असते. भार तळव्याच्या मध्याच्या जरा मागे असला की ती शांत राहते. चौकटीवर रेललं की भार बोटांवर येतो, फिगर स्केटचे पुढचे दाते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर. मग घरचे म्हणतात, दाते घासून काढा. कृपा करून तसं करू नका. दोष दात्यांचा नसतो, उभं राहण्याचा असतो.

हॉकीवाला

म्हणून तर नवशिक्यांना हॉकीचे स्केट द्यावेत. दातेच नाहीत, प्रश्न मिटला.

जुनी_ब्लेड

मिटत नाही. हॉकीच्या ब्लेडला पुढे आणि मागे गोलाई जास्त असते. ताठ उभा राहणारा नवशिक्या तिच्यावर मागे जातो, आणि मागे पडणं जास्त वाईट, डोकं आपटतं. कुठलेही घाला, पण गुडघे वाकवा आणि हेल्मेट घाला. मोठ्यांनीसुद्धा. लाज वाटते म्हणून न घालणारे मोठेच जास्त पाहिलेत.

निळी_रेघ

'हद्दपार करा' हे वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाला जन्मापासून तोल सांभाळायचा त्रास आहे. चौकट नसती तर तो बर्फावर आलाच नसता. गेल्या हिवाळ्यात तो चौकट धरून बहिणीच्या बरोबरीने पूर्ण फेरी मारून आला, आणि मी कठड्यापाशी उभी राहून रडले. दोन महिन्यांत नीट शिकला का, हा प्रश्न आमच्यासाठी नाहीच. तुमच्या मोठ्याला जमलं नाही म्हणून माझ्या मुलाच्या हातातून ती काढून घ्यायची?

दोन_मुलांची_आई

तुमच्या मुलाबद्दल मी काही बोललेच नव्हते. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

निळी_रेघ

'सगळ्या रिंकवरून' हे शब्द तुमचेच आहेत. वर जाऊन वाचा.

दोन_मुलांची_आई

वाचले. ठीक आहे, 'सगळ्या' नको होतं. ज्याला गरज आहे त्याला मिळालीच पाहिजे. पण धडधाकट मुलाला शिकवायचा कंटाळा म्हणून चौकट हातात देणं, याला माझा विरोध आहे आणि राहणार. आमच्या वर्गात एका कोचकडे सोळा मुलं होती. त्याला चौकट सोयीची होती, मुलांना नाही.

सावकाश

सोळा? मग वय कसलं मोजताय? एका माणसाने सोळा नवशिक्यांकडे लक्ष ठेवायचं, तर पाच वर्षांची असोत की पन्नाशीची, कुणीतरी कुणावर पडणारच.

कडेवरची

अगदी हेच. आणि आणखी एक, जे कुणी बोलत नाही: नवशिक्यांना नेहमी सगळ्यात वाईट बर्फ मिळतो. सार्वजनिक वेळ संपली की लगेच आमचा तास, मशीन फिरवायचं आमच्यानंतर. ते मशीन वरचा थर खरवडतं आणि गरम पाणी पसरतं, ते खालच्या बर्फात नीट मिसळून गोठतं म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. ज्यांना अजून सरळ उभं राहता येत नाही त्यांना खाचखळग्यांवर उभं करायचं, आणि ज्यांना सगळं येतं त्यांच्यासाठी काच! त्यात भाड्याच्या ब्लेडला धार नाही. बोथट ब्लेड कड धरतच नाही, पाय बाजूला निसटतो. मी महिनाभर समजत होते की माझे घोटे कमजोर आहेत.

जुनी_ब्लेड

घोटे कमजोर असणारे फार थोडे, बूट सैल असणारे बहुतेक. जाड मोजे घालून दोन मापं मोठा बूट घेतात, आत पाय तरंगतो आणि घोटा आत लवंडतो. पातळ मोजा, घट्ट बसणारा बूट. नाडी बोटांपाशी हलकी, घोट्याच्या वळणावर करकचून, वर परत थोडी मोकळी, नाहीतर गुडघा वाकत नाही. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि वर्ग सुरू होताना ती कुणाकडेच नसतात. मुलांचे पालक नाड्या बांधून कठड्यावरून ओरडत बसतात, 'पाय उचल, पाय उचल'. मूल कोचकडे बघेल की तुमच्याकडे? मी शिकवणं सोडण्यामागे ते ओरडणं हे एक मोठं कारण होतं.

उत्तरध्रुव

ओरडणाऱ्यांत मीही होतो. बाकी माझं मत कायम आहे: मुलांचा आणि मोठ्यांचा वर्ग वेगळा हवा, निदान बर्फाचा पट्टा तरी वेगळा, मध्ये शंकू ठेवून. यावर मी मागे हटणार नाही. 'घेऊच नये' हे मात्र रागात लिहिलं होतं, ते मागे घेतो. कडेवरची, तुम्ही शिका.

कडेवरची

वेगळ्या पट्ट्याला माझा विरोध कधीच नव्हता. हे काल लिहिलं असतंत तर मी झोपले असते.

उत्तरध्रुव

जुनी_ब्लेड, तुमचं वाचून आत्ता मुलीचे स्केट काढून पाहिले. टाचेमागे माझी दोन बोटं सहज जातात. पुढच्या वर्षीही चालतील म्हणून मीच मोठे घेतले होते. तिच्यावर ते गृहस्थ पडले त्याआधी ती स्वतःही सारखी पडत होती आणि मी तिला लक्ष दे म्हणून रागावत होतो. प्लास्टर निघालंय, परत जायचं म्हणतेय. मुलांच्या बुटात किती जागा ठेवायची?

जुनी_ब्लेड

तिला उभं करा, पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा. टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम गेलं पाहिजे, त्याहून जास्त नको. मग नाडी बांधून गुडघे वाकवायला सांगा. टाच बुटात वर उचलली जाते का बघा. उचलली गेली, तर त्या बुटात तिला बर्फावर नेऊ नका. मनगटाचे गार्ड घाला, आणि पहिला तास फक्त पडायचं आणि उठायचं.