गाडीला पेट्रोल वाचवणारं काय काय बसवलंत? अनुभव लिहा

माळ्यावरची_मांजर:
काल माळा आवरायला काढला. दिवाळी जवळ आली की आईला घरात फक्त माळाच दिसतो. पितळी भांड्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत प्लास्टिकच्या खोबणीतले दोन काळे लोहचुंबक आणि बाबांची लांबट डायरी.

आमची फियाट होती तेव्हाची गोष्ट. १९९३ साली बाबांनी एका प्रदर्शनातून हे 'पेट्रोल सेव्हर' आणलं, ३५० रुपयांना. पेट्रोलच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसवायचं. मग म्हणे पेट्रोलचे रेणू रांगेत येतात आणि पूर्ण जळतात. २० टक्के बचत, असं स्टॉलवाल्याने छातीठोक सांगितलेलं. मी सातवीत होते. मला ते रेणू हाताची घडी घालून प्रार्थनेला उभे दिसायचे.

डायरीत प्रत्येक टाकीचा हिशोब आहे, लिटरला किती किलोमीटर. आधी ११, ११.२, १०.८. बसवल्यावर १२.१, १२.४ आणि पुढे लाल पेनने 'उत्तम!' (माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांनी कधी उत्तम लिहिलं नाही, असो.) मग मे महिन्यापासून १०.५, ९.८, ९.६. शेवटी 'फसवणूक' लिहून खाली दोन रेघा.

आधी वाढलं कसं आणि मग पडलं कसं? तुमच्याकडेही असले प्रयोग झाले असतीलच. येऊ द्या.

शेवग्याची_शेंग:
डांबरगोळ्या!!! मामाच्या स्कूटरच्या टाकीत कायम दोन. मामी म्हणायची, माझ्या साड्यांना कसर लागली तरी चालेल, यांच्या स्कूटरला लागता कामा नये. ॲव्हरेजचं देव जाणे, पण मामा आला की आधी वास यायचा.
बाकी माळा झाला म्हणजे फराळाला लागलात की नाही? माझा चिवडा दरवर्षी मऊ पडतो.

गॅरेजवाला_गणू:
२६ वर्षं हेच काम करतोय. पेट्रोल काय लोखंडाचा कीस आहे का, चुंबकाने रांगेत यायला? आणि 'पूर्ण जळतं' म्हणतात, ते आधीच जवळपास सगळं जळतं. वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. ती चुंबकाने कशी परत येणार.
जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत निदान जेट, चोक यात हात घालायला जागा होती. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा १४.७ ला पेट्रोल १, हे प्रमाण ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, सारखं सांभाळत असतं. तुम्ही बाहेरून काही ढवळलंत तरी ते परत तिथंच आणून ठेवणार.
गिऱ्हाईक येतं, मागच्या चाकाचा ब्रेक धरलेला, चाक हाताने फिरत नाही, टायरात हवा २२, आणि विचारतंय काय तर सेव्हर कुठला चांगला. डोकं धरतो मी.

कुलाब्याचा_कालवा:
गणूभाऊ, गॅरेज कुठे आहे तुमचं? प्रामाणिक दिसता.

गॅरेजवाला_गणू:
सातारा रोड. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नागपुरी_संत्रं:
सगळेच कसे विरोधात बोलून राहिले? माझ्या गाडीला ते खालच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र लावलं. १४ चे १७ झाले. फरक आहे म्हणजे आहे.

शेवग्याची_शेंग:
कसं मोजलंत भाऊ?

नागपुरी_संत्रं:
डिस्प्लेवर दिसते न.

मिशिगनचा_मावळा:
संत्रं, रागावू नका, मी तेच यंत्र इथे घेऊन फोडलं आहे. आत दिवा लुकलुकवायची चिप आणि तीन एलईडी. गाडीच्या संगणकाशी बोलायचा भागच नाही. सूचना काय, तर पहिले काहीशे किलोमीटर ते तुमची चालवायची पद्धत 'शिकतं'. म्हणजे पैसे परत मागायची मुदत संपेपर्यंत शिकतच बसतं.
माझ्या घरापासून अर्ध्या तासावर ॲन आर्बरला अमेरिकी पर्यावरण खात्याची, ईपीएची, गाड्या तपासायची प्रयोगशाळा आहे. सत्तरच्या दशकापासून त्यांनी असली शंभरावर यंत्रं तपासली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांत किंचित फरक दिसला, आणि त्यातल्याही काहींनी धूर वाढवला.
डिस्प्लेवर जाऊ नका. एकाच पंपावर, एकाच नळीने, पहिल्या कटपर्यंत टाकी भरा आणि असं निदान चार-पाच टाक्या करा. एका टाकीचा आकडा कशाचाच नसतो.

नागपुरी_संत्रं:
४ टाक्या म्हणजे होळी येईन. बघतो.

एसटीची_लेक:
वडील एसटीत चालक होते, निवृत्त झाले. आमच्या घरी मार्कांआधी केपीटीएल विचारलं जायचं :) म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. डेपोत त्याची यादी लागायची. बाबांचं नाव वर असलं की त्या दिवशी येताना भजी.
त्यांचं यंत्र एकच, पायात करकरीत नवी चप्पल कधी घालायची नाही. तळवा जाड झाला की ॲक्सिलरेटर कळत नाही म्हणायचे. पुढे सिग्नल लाल दिसला की इथूनच पाय उचलायचा, ब्रेक मारला म्हणजे डिझेल मारलं.
पण घाटात न्यूट्रल कधी नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझा नवरा खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रल करतो आणि वर मलाच शहाणपणा सांगतो.

गॅरेजवाला_गणू:
ताई, त्यांना हे वाचून दाखवा. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन जिवंत ठेवायला थोडं जातच राहतं. ब्रेक तापून जीव जायचा तो वेगळाच.

एसटीची_लेक:
दाखवलं. 'कोण हा गणू' म्हणाले.

कुलाब्याचा_कालवा:
हा हा हा

जुना_हॉस्टेलवासी:
१९९६! रामर पिल्लै आठवतो का कुणाला? तमिळनाडूतला, पाण्यात पाला उकळून पेट्रोल करतो म्हणणारा. आमच्या हॉस्टेलवर दोन तट पडले होते. इंजिनिअरिंगची पोरं, थर्मोडायनॅमिक्स पास झालेली, आणि तरी अर्धी म्हणायची की तेल कंपन्या बिचाऱ्याला दाबतायत. पुढे सीबीआयने प्रकरण घेतलं, त्या 'वनस्पती पेट्रोल'मध्ये टोल्युइन, नॅफ्था असलं निघालं. २०१६ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली.
मी पाल्याच्या बाजूचा होतो. आता कबूल करायला हरकत नाही.

शेवग्याची_शेंग:
आमच्या भाऊजींनी बॉनेटमध्ये पाण्याची बरणी बसवलेली. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनला पाजायचा. बरणी लोणच्याचीच वाटायची.

मिशिगनचा_मावळा:
त्या बरणीला वीज देणार अल्टरनेटर, अल्टरनेटरला फिरवणार इंजिन, इंजिनला लागणार पेट्रोल. आणि मिळणारा हायड्रोजन त्यापेक्षा कमीच. स्वतःच्या शेपटीला पकडून स्वतःला उचलण्यासारखं.

कुलाब्याचा_कालवा:
हे सगळं ठीक, पण ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज पडलंय त्याचं काय?

गॅरेजवाला_गणू:
थोडं पडणारच. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा. २० टक्के मिसळल्यावर काही टक्के जाणारच. त्यावरही आता बाटल्या निघाल्यात टाकीत ओतायला. घेऊ नका.

जुना_हॉस्टेलवासी:
राजकारणाकडे वळू नये ही विनंती, मागच्या धाग्याचं काय झालं आठवतंय.

माळ्यावरची_मांजर:
बाप रे, सकाळपासून अनारसे तळत होते, आता बघतेय.
आईला डायरी दाखवली. ती म्हणाली, ते चुंबक बसवल्यावर दोन महिने बाबा गाडी ५० च्या वर नेत नव्हते. अलिबागला जाताना सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं म्हणे (आई वाढवून सांगते). म्हणजे १२.४ चं कोडं सुटलं.

आणि आता दुसरं. डायरीची पानं दादाला पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दहा मिनिटांनी थेट फोन. पहिलं वाक्य, 'बाबा शेजारी आहेत का?'
मे महिन्यात त्याला लूना मिळाली होती. पेट्रोलला पैसे नव्हते. दर रविवारी बाबा झोपले की फियाटच्या टाकीतून दोन लिटर. नळीने तोंडाने ओढून. नळी माझ्या माशांच्या टाकीची, जी 'हरवली' म्हणून मी तेव्हा बोलणी खाल्ली होती!!

शेवग्याची_शेंग:
मेले हसून

एसटीची_लेक:
म्हणजे स्टॉलवाल्याला त्या वेळी अर्ध्या शिव्या फुकट पडल्या.

जुना_हॉस्टेलवासी:
दादाकडून ३५० रुपये वसूल करा, व्याजासकट. बाबांना सांगणार का?

माळ्यावरची_मांजर:
बाबा ८१ चे आहेत. दुपारी चुंबक फ्रिजवर चिकटवून बघत होते. लाईटबिल धरतंय. 'एवढी ताकद आहे, मग तेव्हा चाललं का नाही' असं दोनदा म्हणाले. दादा भाऊबीजेला येतोय, त्याचं त्याने सांगावं.

शेंग, चिवड्याचे पातळ पोहे आधी कोरडेच भाज मंद आचेवर, कुरकुरीत होईपर्यंत. फोडणी गार झाल्याशिवाय ओतू नकोस.